वारा फिरला तेव्हा विंडसॉक कुणी पाहिला?

प्रश्न: माझा भाचा किनाऱ्याजवळच्या सड्यावरल्या एका लहान धावपट्टीवर मायक्रोलाइट उडवायला शिकतो. मार्चमध्ये एका सकाळी 11:40 च्या सुमारास उतरताना त्यांचं विमान उलटलं. शिक्षकाला थोडं खरचटलं, भाच्याचं मनगट मोडलं. पेपरात ‘इंजिन बंद पडल्याने’ असं आलं. धावपट्टीवरचे लोक ‘अचानक वाऱ्याचा झोत आला’ म्हणतात. आमच्या पेडण्यात जो तो ‘केरीला झालं तसलंच’ म्हणतो. सोबत फोटो पाठवतो. एवढं हळू उडणारं विमान उतरताना उलटतंच कसं? आणि बरा झाल्यावर त्याला पुन्हा उडू द्यावं का?

उत्तर:

मनगटावर निभावलं, त्याबद्दल आधी देवाला नारळ द्या. तुम्ही पाच फोटो पाठवलेत. दोन प्लास्टरचे आहेत, तेव्हा माझ्या कामाचे तीन. एकात विमान चाकं वर करून पडलंय. दुसऱ्यात मोडका प्रॉपेलर जवळून दिसतो. तिसरा लांबून काढलेला आहे, त्यात धावपट्टी, तिच्यावरचे ओरखडे, मागे काजूची बाग आणि अगदी कोपऱ्यात विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी पिशवी. फोटो काढणाऱ्याचं विंडसॉककडे लक्षही नसेल, पण मला सगळ्यात जास्त त्यानेच सांगितलं.

मी 27 वर्षं मायक्रोलाइट उडवतोय, त्यातली 17 शिकवण्यात गेली. तरीही फोटो बघून सांगणं वेगळं आणि विमानाला हात लावून सांगणं वेगळं. रीतसर चौकशीत दुसरं काही निघालं तर ते खरं धरा.

केरीचं आधी मिटवतो. 2025 च्या जानेवारीत केरीच्या पठारावरून उडालेल्या पॅराग्लायडरचा अपघात झाला आणि त्यात दोघांचा जीव गेला. पॅराग्लायडर म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा कापडी पंख, त्याला ना इंजिन, ना चाक. मायक्रोलाइट हे विमान आहे, फक्त अगदी हलकं. युरोपात रूढ झालेल्या व्याख्येप्रमाणे दोन आसनी यंत्राचं माणसं, पेट्रोल सगळं धरून वजन 450 किलोपर्यंत आणि ताशी 65 किलोमीटरपर्यंत हळू केलं तरी ते हवेत टिकायला हवं. आपल्याकडे त्याची नोंदणी डीजीसीएकडे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे होते आणि अंगावर व्हीटीने सुरू होणारी अक्षरं असतात. दोन्हींत माणूस आकाशात असतो एवढंच साम्य. गावात कुणी विचारलं तर होडी आणि ट्रॉलरचा दाखला द्या, लगेच कळेल.

आता इंजिन. प्रॉपेलरची तिन्ही पाती बुंध्यापासून साधारण सारख्याच अंतरावर मोडलीत आणि त्यांची टोकं झाडूसारखी पिंजली आहेत. इंजिन बंद असताना नाक जमिनीत गेलं असतं, तर खाली असलेलं एक पातं मोडलं असतं, फार तर दोन. तिसरं धडधाकट वर दिसलं असतं. तिन्ही एकसारखी तुटली म्हणजे जमिनीला लागताना प्रॉपेलर जोरात फिरत होता. उतरताना आपण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी लिव्हर, जवळजवळ बंद ठेवतो, तेव्हा पाती तुटतात पण इतकी पिंजत नाहीत. माझा अंदाज असा, की शेवटच्या क्षणी कुणीतरी थ्रॉटल पुढे ढकललं होतं. पुन्हा वर जायचा प्रयत्न केला असणार, पण उशिरा. पेपरातल्या बातमीचा उगमही मला इथेच दिसतो. पाती जमिनीवर आपटली की इंजिन गचकन थांबतं. बागेत बोंडं वेचणाऱ्याने आधी आवाज ऐकला, मग शांतता, मग धावत येऊन उलटं विमान पाहिलं. त्याने ‘आवाज बंद झाला नि विमान पडलं’ असं सांगितलं असेल, तर तो खोटं बोलला नाही. फक्त क्रम उलटा लागला.

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर एक पोटातलं बोलून घेतो. या विमानांत बहुतेक ठिकाणी रोटॅक्सचं इंजिन असतं आणि ते गाडीच्या पेट्रोलवरही चालतं, म्हणून पुष्कळ जण कॅन घेऊन पंपावर जातात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंतचंच चालतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर हवेत पाण्याला काय तोटा? तुमच्या भाच्याच्या अपघाताशी याचा संबंध दिसत नाही, पण तिथे टाकीत काय ओततात हे एकदा विचाराच.

आता विंडसॉककडे. फोटोत धावपट्टीच्या एका टोकाला समुद्र आहे आणि दुसऱ्या टोकाला काजूची बाग, म्हणजे पट्टी ढोबळमानाने पश्चिम-पूर्व आहे. विमान बागेच्या बाजूला पडलंय आणि ओरखडेही बागेच्या दिशेने गेलेत. म्हणजे ते समुद्राकडून आत आलं आणि पूर्वेकडे तोंड करून उतरलं. विंडसॉकची शेपटीसुद्धा बागेकडेच आहे, आणि निम्म्याहून जास्त फुगलेली. विंडसॉकची शेपटी वारा जिकडे जातो तिकडे असते. म्हणजे वारा समुद्रावरून येत होता आणि विमान त्याच वाऱ्यावर पाठ टेकून उतरलं.

विमान नेहमी वाऱ्याला सामोरं उतरवतात, हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं. मग दोन माणसं, त्यातला एक शिक्षक, वारा पाठीवर घेऊन कशी उतरली? याचं उत्तर आपल्या किनाऱ्याच्या घड्याळात आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. रात्री जमीन लवकर थंड होते, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून आत येतो, तो खारा. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळायचे. दोन्हींच्या मधला जो तास, त्याबद्दल पुस्तक काही बोलत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात सकाळी मतलई हळूहळू मरतो. दहा-साडेदहाला विंडसॉक ओल्या पंच्यासारखा खांबाला लोंबतो. मग कधी अकराला, कधी साडेअकराला, कधी बाराला खारा वारा आत शिरतो आणि पाच-दहा मिनिटांत विंडसॉकची शेपटी इकडची तिकडे होते. रापणकाराला हे शिकवावं लागत नाही. सकाळी आठला उडायला सुरुवात केलेल्या वैमानिकाला मात्र सतत आठवण करून द्यावी लागते. आठ वाजता पूर्वेचा वारा होता म्हणून त्याने पूर्वेकडे तोंड करून उतरायचं ठरवलेलं असतं, आणि मग त्याच चाकोरीत दहा-बारा फेऱ्या होतात. मधल्या शांत तासात ‘आज वारा नाही’ असं बोललं जातं आणि कुणी वर बघत नाही.

भाच्याला एक गोष्ट विचारा. शेवटच्या फेरीत पट्टीला समांतर, समुद्राच्या दिशेने जाताना नेहमीच्या खुणा यायला वेळ लागला का? वारा फिरला असेल तर त्या बाजूला तो तोंडावर आला असणार आणि विमान जमिनीच्या हिशेबाने रेंगाळलं असणार. पुढे वळून पट्टीच्या रेषेत आल्यावर उलटं. विमान खाली येत नाही, पट्टी मात्र भराभर जवळ येते, आपण उंच राहिलो असं वाटतं. ‘होय, तसंच वाटलं’ म्हणाला, तर माझी अर्धी शंका फिटली.

पाठीवरच्या वाऱ्याने काय बिघडतं याचा हिशेब मांडतो. अशा विमानाचा उतरतानाचा वेग धरा 45 नॉट, म्हणजे ताशी साधारण 83 किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेत. समोरून 8 नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत तो 37 नॉट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर 53. फरक 16 नॉटचा दिसतो, पण जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. 37 चा वर्ग 1369 आणि 53 चा 2809, म्हणजे दुप्पट. विमान तेच, माणसं तीच, पण चाकं टेकताना अंगात दुप्पट जोर, आणि तो जिरवायला पट्टी तेवढीच. 8 नॉट म्हणजे काही वादळ नव्हे, ताशी 15 किलोमीटर, अंगणात वाळत घातलेलं लुगडं जरा हलेल इतका.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या थरांची. जमिनीला घासून वारा मंदावतो, वर तो जास्त असतो. समोरच्या वाऱ्यात उतरताना शेवटच्या तीस-चाळीस फुटांत वारा कमी होतो आणि तेवढा विमानाचा हवेतला वेग घटतो. म्हणून आम्ही थोडा वेग शिल्लक धरून येतो. पाठीमागून वारा असला की हाच प्रकार उलटा होतो. खाली येताना ढकलणारा वारा कमी होतो, हवेतला वेग वाढतो आणि विमान टेकायचं नाव घेत नाही, पट्टीवर फूटभर तरंगत पुढे पुढे जातं. विद्यार्थ्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. त्याचं तेव्हा काही चुकलेलं नसतं.

तिसरी गोष्ट सड्याची, आणि ती मला सगळ्यात जास्त पटते, कारण अशा पट्टीवर मी पुष्कळ उतरलोय. सडा समुद्राच्या बाजूला एकदम तुटतो, खाली घळ. सकाळच्या मतलईत हा वारा सड्यावरून येऊन कडेवरून खाली सांडतो, त्यामुळे उतरताना कडेवर विमान बुडतं. तिथला प्रत्येक शिक्षक मुलांना सांगतो, ‘कडेवर जरा थ्रॉटल धर’. मुलं ते अंगी बाणवतात. आता वारा फिरला. समुद्राचा वारा सड्याच्या भिंतीवर आपटतो आणि वर चढतो. त्याच कडेवर, जिथे विमान बुडायला हवं, तिथे ते उचललं जातं. हात सवयीने थ्रॉटल धरून असतो. आधीच उंच, त्यात पाठीमागून रेटा, त्यात खालून उचल, त्यात हातात जास्तीचं इंजिन. पट्टीचा सुरुवातीचा अर्धा भाग खाली निघून गेला आणि चाकं टेकलेली नाहीत, असं झालं असणार. तुमच्या फोटोत पहिला ओरखडा पत्र्याच्या शेडच्या पुढे आहे. शेड पट्टीच्या मध्यावर असेल तर हिशेब जुळतो.

तिथून पुढचं ओरखड्यांतच लिहिलंय. एकूण तीन खुणा आहेत. पहिली एकेरी आहे, मधोमध. मागची दोन चाकं आधी टेकली असती तर दोन समांतर रेघा उमटल्या असत्या. एकेरी रेघ म्हणजे पुढचं चाक आधी लागलं. समोर काजूची झाडं मोठी मोठी होत येताना दिसली आणि तरंगणारं विमान कुणीतरी स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायची हातातली उभी कांडी) पुढे ढकलून जबरदस्तीने खाली बसवलं. मागची चाकं लवचीक पायांवर असतात, ती धक्का पितात. पुढचं चाक जमिनीवर वळण्यासाठी असतं, उतरण्याचा भार त्याच्यासाठी नसतोच. त्याला फटका बसला की नाक वर उसळतं, पंखाला पुन्हा उचल मिळते, विमान पाच-सात फूट वर जातं आणि वेग संपतो. घाबरलेला हात पुन्हा पुढे जातो. दुसरी खूण. बेडूकउड्या एकदा सुरू झाल्या की प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा वाईट असते, कारण माणसाचा हात विमानाच्या अर्धा सेकंद मागे असतो. तो जे सुधारायला जातो ते तोवर होऊन गेलेलं असतं. तिसऱ्या खुणेला पुढचा पाय मागे दुमडला, नाक रुतलं, शेपटी वर गेली आणि विमान पाठीवर पडलं. डाव्या पंखाचं टोक चेपलंय ते त्यातच. वाऱ्याने ते उलटवलं नाही. मोडक्या पायाला अडखळून ते कोलांटलं. पाठीवरच्या वाऱ्याने शेपटीला थोडा हातभार लावला असेल, नाही म्हणत नाही.

‘एवढं हळू उडणारं’ असं तुम्ही लिहिलंत, त्यातच या सगळ्याची गोम आहे. लोकांना हळू म्हणजे सुरक्षित वाटतं. मोप्याला उतरणारं एअरबस 60 टनांच्या घरात वजनाचं असतं आणि 130-140 नॉटने येतं. 8 नॉटचा वारा तिथल्या वैमानिकाच्या हिशेबात बसतो आणि पट्टी साडेतीन किलोमीटर लांब. 45 नॉटने येणाऱ्याला 8 नॉट म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. शिवाय साडेचारशे किलोच्या यंत्राला स्वतःचा रेटा नसतो. थ्रॉटल मिटलं की दोन-तीन सेकंदांत वेग गळतो, झुळूक आली की ते उचललं जातं. मांडवीत गलबत आणि लहान होडी एकाच लाटेवर असली तर होडीवाल्याला काय होतं ते आठवा. हाच हलकेपणा पुढे जीवही वाचवतो. ताशी 90 किलोमीटरने कोलांटूनही दोघं चालत बाहेर आले, ते त्याच्यामुळेच.

आता दोष कुणाचा. तुम्ही हे थेट विचारलं नाहीत, पण फोनवर तुमच्या बहिणीचा आवाज ऐकला. मुलाचा दोष नाही. शिकणारा मुलगा चुका करणार हे धरूनच शेजारी शिक्षक बसवलेला असतो. वारा बघणं, ‘अर्धी पट्टी गेली, वर जा’ म्हणणं आणि नाही ऐकलं तर स्वतः ताबा घेणं ही शिक्षकाची कामं. हे मी त्या शिक्षकाला कमी लेखून म्हणत नाही, कारण त्याच्या खुर्चीत मी बसलोय आणि माझंही विमान मोडलंय.

मी सुरुवातीची आठ-नऊ वर्षं ट्राइक उडवली. ट्राइक म्हणजे वर पतंगासारखा पंख, खाली तीन चाकांची गाडी आणि हातात आडवा दांडा. दांडा पुढे ढकलला की नाक वर जातं, ओढला की खाली. स्टिकच्या विमानात नेमकं उलटं: ओढलं की वर, ढकललं की खाली. पुढे मी स्टिककडे वळलो, शंभरावर तास उडवलं, शिकवायलाही लागलो. एका दुपारी, घाटावरच्या एका पट्टीवर, विद्यार्थ्याने विमान जरा उंचावरून आपटलं आणि ते उसळलं. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून मी स्टिक घेतली आणि नाक वर धरायला म्हणून पुढे ढकलली. डोक्याला स्टिक ठाऊक होती, हाताला अजून दांडाच ठाऊक होता. पुढचा पाय गेला, प्रॉपेलर गेला. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी त्या संध्याकाळी सगळ्यांना वाऱ्याचा झोत आला असंच सांगितलं. खरं सांगायला मला दोन दिवस लागले. म्हणून ‘झोत आला’ हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारतो.

वर जाणं, ज्याला आम्ही गो-अराउंड म्हणतो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे विमान वाचायला दोन संधी होत्या आणि दोन्ही गो-अराउंडच्या. पहिली शेड मागे पडली तेव्हा. चाकं टेकली नाहीत, अर्धी पट्टी संपली, थ्रॉटल पुढे, नाक सरळ, वेग आला की वर. काजूची झाडं आरामात ओलांडली असती. दुसरी पहिल्या उसळीनंतर, पण ती फार अरुंद. पाच फुटांवर वेग संपलेला असतो, तेव्हा थ्रॉटल देऊन नाक जागच्या जागी धरावं लागतं. घाईने वर ओढलं तर विमान तिथेच स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, आपटतं. तिसऱ्या उडीला काही उरत नाही, आणि पाती बघता नेमकं तिथेच थ्रॉटल दिलं गेलं. पुष्कळ क्लबांत गो-अराउंड हा परीक्षेपुरता धडा असतो. मुलाने न सांगता केला तर ‘काय रे, घाबरलास?’ असं विचारतात. मी उलटं करतो. माझ्याकडे मुलाला पहिल्या वीस तासांत दर पाच उतरण्यांमागे एक सोडून द्यायला लावतो, कारण न देता, कधी शंभर फुटांवर, कधी तीन फुटांवर. पेट्रोल जास्त जळतं, पालक कुरकुरतात.

मनगटाबद्दल एक शंका आहे. विमान उलटल्यावर माणूस पट्ट्यांवर खाली डोकं वर पाय असा लोंबतो. वरून पेट्रोलचा वास येतो, घाबरून तो बकल सोडतो आणि स्वतःच्या वजनाने डोक्यावर किंवा हातावर आदळतो. अपघातातून सुखरूप सुटलेले लोक असे मान मोडून घेतात. आधी एक हात छताला घट्ट टेकायचा, पाय कुठेतरी अडकवायचे, मग दुसऱ्या हाताने बकल. भाच्याला विचारा, मनगट विमान उलटताना मोडलं की बकल सोडून खाली पडताना.

मदतीला धावणाऱ्यांसाठीही एक गोष्ट, कारण फोटोत विमानाभोवती वीसेक माणसं आहेत आणि एक जण चक्क पंखावर बसलाय. काही मायक्रोलाइटवर अख्ख्या विमानाला खाली आणणारं पॅराशूट असतं. ते रॉकेटने बाहेर फेकलं जातं. अपघातात ते सुटलं नसेल तर तसंच भरलेलं पडून असतं, आणि मोडक्या सांगाड्यात त्याची तार ओढली गेली तर समोरच्या माणसाचा जीव घेतं. अंगावर इशाऱ्याची पट्टी लावलेली असते, ती शोधायची आणि रॉकेटच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. बाकी इग्निशन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, विडी-सिगारेट दूर, 108 ला फोन. माणसं काढून झाली की सांगाडा हलवायचा नाही. चौकशी करणाऱ्याला स्टिक कुठे होती, थ्रॉटल कुठे होतं, चाकं कशी दुमडली होती यावरूनच वाचायचं असतं.

चौकशीला मुलाने घाबरू नये. विमान अपघातांच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, कुणावर दोष ठेवणं हा नव्हे. आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टात हे स्पष्ट लिहिलंय आणि आपले 2017 चे नियमही त्याच धर्तीवर आहेत. त्याला आजच सांगा, डाव्या हाताने का होईना, जे आठवतं ते स्वतः लिहून काढ. शिक्षकाशी बोलण्याआधी, कुणाचे व्हिडिओ बघण्याआधी. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक वाक्य भरून जातो आणि पंधरा दिवसांनी आठवण कुठली आणि ऐकलेलं कुठलं हे त्यालाच कळेनासं होतं.

पुन्हा उडू द्यावं का? माझं मत, द्यावं. उतरताना उलटलेला मुलगा पुढे चांगला वैमानिक होतो असला रोमँटिक विचार माझा नाही. काही मुलं यानंतर ताठर होतात, स्टिक मुठीत आवळून धरतात, आणि मग ती उडवण्याजोगी राहत नाहीत. त्याला विचारून बघा, रात्री झोप लागते का. लागत असेल तर प्लास्टर सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुरू करू दे. क्लबकडे मात्र तुम्ही स्वतः जा. प्रॉपेलर जमिनीला लागलेल्या इंजिनाचा गिअरबॉक्स उघडून तपासायलाच हवा, नुसतं नवं पातं बसवून चालत नाही. तो तपासल्याची नोंद दाखवा म्हणा. पुढचा पाय जिथे सांगाड्याला जोडलाय तिथल्या नळ्यांना चिरा पडल्यात का, हे रंगाखाली दिसत नाही. रंग काढून बघितलं का विचारा. पट्टीवर एकच विंडसॉक असेल आणि तोही बागेच्या टोकाला, तर समुद्राकडून येणाऱ्याला तो शेवटपर्यंत लहानच दिसणार. दुसरा समुद्राच्या टोकाला लावायला फार खर्च नाही. आणि भाच्याचं लॉगबुक मागून बघा, त्यात गो-अराउंड किती नोंदलेत. एकही नसला तर शिक्षक बदला. चिडतील, चिडू देत.

पहिले काही दिवस त्याला उडू देऊ नका, नुसता सड्यावर बसू दे, दहा ते बारा. समुद्राच्या कडेवर घारी बघायला सांगा. मतलई असेपर्यंत त्या पंख मारत फिरतात. खारा वारा कडेवर चढायला लागला की पंख न हलवता एका जागी लोंबकळतात, आणि पुष्कळदा विंडसॉक फिरायच्या आधीच.

आता माझ्या उत्तरातली कच्ची जागा. तुम्ही फोटोवर वेळ लिहिलीत 12:05, आणि अपघात 11:40 चा. मधली 25 मिनिटं या मोसमात फार असतात. विमान उतरलं तेव्हा वारा खरंच फिरला होता, की ते पडल्यावर फिरला, हे या एका फोटोवरून ठरत नाही. ओरखडे, उशिरा टेकलेली चाकं आणि पिंजलेली पाती माझ्या बाजूने आहेत, पण निवांत हवेतही घाबरट हाताने हे सगळं होऊ शकतं. त्या वीसेक माणसांपैकी कुणाच्या मोबाईलमध्ये आधीचा फोटो किंवा व्हिडिओ असेल, विंडसॉक नसला तरी बागेतल्या पाल्यापाचोळ्याच्या आगीचा धूर दिसत असेल, तर वेळेसकट पाठवा.